अपिसाईकाकांनी दालो सोडला तेव्हा

समजा, जन्मभर तुम्ही एकच पीक घेतलंत. सकाळी तेच खाल्लंत, संध्याकाळी तेच, लग्नात तेच आणि मयतातही तेच. आता चटईवर बसा. समोर वाफाळता दालो आहे, आमच्या अळूचा कंद, दंडाएवढा जाड, कापल्यावर जांभळट दिसणारा. घरातले सगळे तो खाणार आहेत. तुम्ही शेजारचा मासा तेवढा उचला, त्यावरचं नारळाचं दूध प्या आणि हात धुवा. दुसऱ्या दिवशी पहाटे घरामागच्या संडासात जाऊन बसा. देवळाचा लाकडी ढोल वाजेपर्यंत बसा. काही होणार नाही. मग उठा, शेतावर जा, आणि यातलं कुणाला काही सांगू नका.

अपिसाईकाका हे करत होते. माझ्या वडिलांचे ते धाकटे भाऊ. तावेउनी बेटावर आमच्या गावात त्यांच्यासारखा दालो कुणाचा येत नाही. गेल्या वर्षी साखरेने त्यांच्या उजव्या पायाचं एक बोट नेलं. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, कंद, भात, पाव, गोड चहा आवरा, नाहीतर पुढच्या वेळी पाऊल जाईल. काकांचं शेत डोंगराच्या अंगावर आहे. पावसाळ्यात तिथे दोन धड पायांचा माणूसही घसरत चढतो.

काकांनी आवरलं नाही, सोडलंच. आमच्या घराण्यात कुणी वडीलधारं गेलं की जवळचा माणूस शंभर रात्री एखादं आवडतं अन्न वर्ज्य करतो. दालो वर्ज्य केला तर त्याची पानंही नाहीत, देठही नाहीत, त्याच्या पातेल्यात शिजलेलं दुसरं काहीही नाही. अन्न सोडण्याची एवढी एकच रीत काकांना ठाऊक होती. घरात पातेलं एकच, त्यामुळे बाकीच्या पालेभाज्याही सुटल्या. ताटात उरले मासे, अंडी, कोंबडी आणि हवाबंद डब्यातलं मटण.

साखर उतरली. जखम सुकली. आरोग्यकेंद्रातल्या नर्सने एक गोळी कमी केली. पण काकांचं पोट दगडासारखं झालं. चेहरा ओढला गेला. जेवायला भीती वाटू लागली, म्हणून जेवण निम्म्यावर आलं.

ही नर्स म्हणजे सलासेइनीआत्या, काकांची चुलत बहीण. आमच्यात बहीण-भाऊ वयात आल्यावर एकमेकांशी थेट बोलत नाहीत, आणि असलं बोलणं तर मरेपर्यंत नाही. त्यामुळे तपासायलाही ती दुसऱ्या नर्सला पुढे करायची. काकूंनी, उलामिलाकाकूंनी, एकदा तिला सांगण्याचा विषय काढला, तर काका म्हणाले, "माझ्या पोटाची चर्चा तिच्या कानावर गेली तर मी देवळात कुठे बसू?"

शनिवारी पुरुषमंडळी यांगोना, म्हणजे मुळी कुटून केलेलं गुंगीचं पेय, प्यायला बसली होती. काकांना एका जागी नीट बसवत नव्हतं. त्यांचे मामेभाऊ विलिकेसा समोरच होते. आमच्याकडे मामेभावाला काहीही बोलायची मुभा असते, आणि विलिकेसा ती वाया घालवत नाहीत.

"काय रे अपिसाई, अंडी घालायला बसलायस का?"

सगळे हसले. काकाही हसले.

"खातोस तर कोंबड्यासारखा. आत जातंय ते बाहेर येतंय की तिथंच गोदाम उघडलंयस?"

"गोदाम," काका हळूच म्हणाले. मग वाटी खाली ठेवली. "उद्या बंद करतो. उद्या देवळातून आलो की दालो खाणार. पोटभर."

"आणि पाय?"

"गेला तर गेला. पायाचं दुखणं निदान चारचौघांत सांगता येतं."

यावर कुणी हसलं नाही. विलिकेसांनी स्वतःची वाटी पालथी घातली आणि उठले. ते थेट आत्याच्या घरी गेले. त्या दोघांत थट्टा चालते, तिच्याशी ते काहीही बोलू शकतात.

रविवारी प्रार्थनेआधीच आत्या काकांच्या दारात आली. आत आली नाही. घराकडे पाठ करून पायरीवर बसली. काका आत, पडद्यामागे. मधे काकू. मी पाण्याची टाकी दुरुस्त करत होतो, तसाच खिळून उभा राहिलो.

"वहिनी, हा माणूस काय खातो?"

काकूंनी सांगितलं.

"आणि पाला?"

"पाला नाही. दालो वर्ज्य केलाय ना. पातेलं तेच."

आत्या समुद्राकडे बघतच म्हणाली, "पानं कुणी बंद केली? डॉक्टरांनी कंद म्हटलं होतं. अळूची पानं नारळाच्या दुधात नीट शिजव, घसा खवखवायला नको. बेले भाजीचा बुळबुळीत पाला दे, नेच्याचे कोवळे कोंब दे. हळूहळू वाढव, एकदम ढीग नको, पोट फुगेल. पाणी किती पितो?"

"शेतावर कुठलं पाणी. संध्याकाळी यांगोना."

"म्हणजे नाहीच. यांगोना कमी, पाणी जास्त. सकाळी खाल्ल्यावर रोज ठरल्या वेळी बसायचं, पायाखाली पाट घ्यायचा, कुंथायचं नाही. आठवडाभरात फरक पडला नाही तर औषध देईन. रक्त दिसलं किंवा उलट्या झाल्या तर लगेच केंद्रात."

आतून काकांचा आवाज आला. "उलामिला, विचार तिला. पान खाल्लं की वर्ज्य मोडलं. मग मोडलेलं पाळायचं कशाला?"

प्रश्न दोन हातांवरून आला होता, तरी काकूंनी तो पूर्ण पुन्हा सांगितला. आत्याने मान वळवली नाही.

"वहिनी, त्याला सांग, वर्ज्य मेलेल्यासाठी करतात. या घरात कोण मेलंय?"

पडद्यामागून हुंदका ऐकू आला. मग काका रडत असल्याचं आम्हाला कळलं. गेलेल्या बोटासाठी त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी काकूंनी वेगळं पातेलं घेतलं नाही. त्याच पातेल्यात आधी पानं शिजवली, काकांच्या पुढ्यात ठेवली, मग बाकीच्यांसाठी दालो उकडला. काकांनी आधी एक घास घेतला, मग सगळं खाल्लं.

लगेच काही झालं नाही. दोनदा त्यांनी हाय खाल्ली, एकदा आत्याच्या पुडीने काम झालं. पण जेवण पुन्हा पुरतं होऊ लागलं, आणि एका सकाळी विलिकेसांनी रस्त्यावरून ओरडून विचारलं, "गोदाम?" काकांनी हात हलवला, "रिकामं." सगळ्या गल्लीने ऐकलं. दालो त्यांनी पुन्हा तोंडात घातला नाही.

परवा मी त्यांच्याबरोबर वर शेतावर गेलो. काका काठी न घेता चढले. कंद उपटून माती झटकत होते. त्यांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलंय आणि साखर तिचीही किंचित वर आलीय, हे मला तिथेच कळलं.

"पाहुण्यांसाठी हे चांगले," ते म्हणाले. एक कंद त्यांनी हातात तोलून धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. "तू शिकलायस म्हणून विचारतो. ती माहेरी जेवायला येईल, तेव्हा मी तिच्या पानात यातला किती वाढू?"