चौसाळ्याचा पाणबुड्या

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावात राहून रोज समुद्रात उडी मारायच्या तयारीत असलेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हा माझ्या पत्रिकेतला दोष आहे. लग्नाआधी हे गृहस्थ कोकणात पर्यटकांना समुद्राखाली मासे दाखवायला नेत. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा नोकरी सोडून चौसाळ्याला परतले आणि हायवेला पाइप-फिटिंगचं दुकान टाकलं. येताना पाणबुड्याचा सगळा सरंजाम घेऊन आले. सिलिंडर, काळा रबरी पोशाख, बदकासारखे पाय आणि तोंडात धरून श्वास घ्यायचं ते यंत्र, म्हणजे रेग्युलेटर. तेव्हापासून हा सरंजाम समुद्राला मुकला, पण त्याची सर्व्हिसिंग एकदाही चुकली नाही.

दर रविवारी सगळं गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं, हा नियम. बोअरचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारानं रबर खराब होतं म्हणे. म्हणून प्यायच्या पाण्याचा जार टबात उपडा होतो. "समुद्राचं मीठ धुतल्याबिगर न्हाई चालत," असं साडू म्हणाले की माझी मेहुणी भाकरी थापता थापता ओरडते, "मग निघालेलं मीठ इकडं द्या, वरणात टाकते!" त्या घरात कुकरची रिंग वर्षभर फुसफुसत होती. रेग्युलेटरच्या बोटाएवढ्या रबरी कड्या मात्र दरवर्षी नव्या बसत आणि त्यांना सिलिकॉनचं ग्रीस चोळलं जाई. एवढ्या मायेनं त्यांनी सासूबाईंच्या गुडघ्याला कधी तेल चोळलं असतं, तर म्हातारी आज पळत असती. पोशाख उन्हात वाळवायचा नाही, घडी घालायची नाही, म्हणून तो पडवीत रुंद हँगरवर लटकतो. मी पहिल्यांदा मुक्कामी गेलो तेव्हा पहाटे त्याला रामराम घातला होता. उत्तर आलं नाही म्हणून मनातून थोडा नाराजही झालो.

सिलिंडर तपासायला आणि त्यात हवा भरून आणायला साडू पुण्याला जातात. एकदा मी सोबत होतो. एसटीच्या कंडक्टरनं अडवलं.

"काय हाय ह्याच्यात?"

"हवा."

"कोणती?"

"साधीच. आपण घेतो ती."

कंडक्टरनं आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे दयेनं पाहिलं. "हवा भराया पुण्याला? चौसाळ्यातले पंक्चरवाले काय मेले का?" आम्हाला खाली उतरवलं. शेवटी कांद्याच्या टेम्पोतून गेलो. वाटेत साडू सिलिंडरला मांडीचा टेका देऊन बसले होते आणि मी कांद्यांवर. सिलिंडरला धक्का बसू नये ही काळजी त्यांना होती. माझ्याविषयी तशी काही सूचना नसावी.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गावाला त्यांच्या दारात यावं लागलं. पाणीपुरवठ्याच्या विहिरीतली मोटर दोर तुटून तळाला गेली. लोकांनी गळ टाकून पाहिले, तेही गाळात अडकून बसले. टँकर येईना. सरपंच स्वतः आले. साडूंनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि एकेक नळी, एकेक झडप तपासत बसले.

"आवरा की! पूजा मांडली का काय?" सरपंच कावले.

"खाली गेल्यावर बिघडलं तर तुमी येता का दुरुस्तीला?" साडू शांतपणे म्हणाले.

विहिरीवर सगळा गाव जमला. मला पोहता येत नाही, म्हणून मी जबाबदारीनं सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. इतकी वर्षं टबात भिजलेल्या त्या यंत्रावर आज एका माणसाचा जीव होता, आणि मेहुणी काठावर ओठ आवळून उभी होती. नव्या दोराचं टोक घेऊन साडू बुडाले. थोड्या वेळानं दोराला झटके आले, गड्यांनी कप्पीवरून ओढलं आणि गाळानं माखलेली मोटर वर आली. एकच जल्लोष झाला.

साडू मात्र वर येईनात.

"बुडबुडे येतायत ताई, म्हणजे ठीक हाय," सरपंच म्हणाले.

"बुडबुडे भजी तळतानाबी येत्यात!" मेहुणी कडाडली. मग तिचा आवाज फुटला. "कुणीतरी जा की ओ खाली..."

कुणी जाणार कसं? खाली जाऊ शकणारा गावात एकच माणूस होता. लोक काठाकडे सरकले. मीसुद्धा गर्दीतून पुढे सरकलो, कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात पाणी हललं आणि साडूंचं डोकं वर आलं. घाई नाही, धाप नाही.

"काय करत होता इतका वेळ?" पायऱ्यांवर येताच मेहुणीनं दंड धरला.

"बसलो होतो."

"कशापायी?"

"वर यावंसं वाटंना."

सगळे खो खो हसले. सरपंचांनी तर मांडीवर थाप मारली. मेहुणी हसली नाही. तिनं पदरानं त्यांच्या तोंडावरचा गाळ पुसला आणि इतक्या हळू विचारलं, की शेजारी होतो म्हणूनच मला ऐकू आलं, "तिकडं समुद्रात... असंच वाटायचं का ओ?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदाच विचारलं असावं. कारण एरवी या विषयावर बोलायला लागले की पाहुण्यांना चपला शोधायला लावणारे आमचे साडू, गढूळ झालेल्या पाण्याकडे बघत नुसते उभे राहिले.