चव नसताना खाल्लेला स्टेक

केमो संपली, पण ह्यांच्या जिभेला चव काही परत आली नाही. काहीही द्या, मातीसारखं लागतं म्हणायचे. वरण माती, शिरा माती, एवढ्या हौसेने आणलेला आंबासुद्धा माती! दोन घास तोंडात घोळवायचे आणि मुकाट्याने ताट सरकवायचे. वजन उतरतच चाललं होतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या व्हिजिटपर्यंत वजन सावरलं नाही, तर पोटात नळी घालून अन्न द्यावं लागेल. तिथे ह्यांनी शहाण्यासारखी मान हलवली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "नळी लावून घेणार नाही हं मी. आत्ताच सांगून ठेवतो." मी किल्ली हातात धरून बसून राहिले. भीती वाटली, दुसरं काय?

त्याच सुमारास इथे परदेशात, आमच्या प्लेनो गावात, हायवेला लागून, एका चेनचं नवं स्टेकहाउस उघडलं, भाजलेल्या मांसाचे जाडजूड तुकडे वाढणारं. जाता-येता ह्यांची मान तिकडे वळायची. एकदा म्हणाले, "जाऊन बघायचं का?" मी जन्मात अंडंही न खाल्लेली बाई. एरवी चार शब्द सुनावले असते. पण कित्येक दिवसांत ह्या माणसाने तोंड उघडून खायला काही मागितलं नव्हतं. मी पर्स उचलली.

आत ही गर्दी! गाणी ठणाणा वाजत होती, गरम पावाचा वास सुटला होता, आणि त्यात भाजलेल्या मांसाचा. मी नाकाला पदर लावणार होते, पण अंगावर जॅकेट होतं. मी आपला भाजलेला बटाटा मागवला. ह्यांनी स्टेक सांगितला, वेल डन, म्हणजे आतपर्यंत पूर्ण भाजलेला. एरवी वेल डन खाणाऱ्यांना नावं ठेवायचे, पण डॉक्टरांची ताकीद होती, कच्चं नको. ऑर्डर घेणारी मुलगी हसून "शुअर" म्हणाली, तर ह्यांचा चेहरा असा पडला की जणू चोरी पकडली गेली.

स्टेक आला. केवढा मोठा! ह्यांनी निगुतीने बारीक तुकडे केले, एक तोंडात घातला. मी बटाटा सोडून त्यांच्याकडे बघत होते. चावले, चावले, गिळला. दुसरा घेतला.

"कसा आहे?" मी विचारलं.

"काही कळत नाही गं," म्हणाले आणि काटा खाली ठेवला.

तेवढ्यात ती मुलगी आली. इकडे मधेच येऊन सगळं छान लागतंय ना, असं विचारायची पद्धतच आहे. एरवी लोक तोंडातला घास तसाच ठेवून हो म्हणतात. हे म्हणाले, "सॉरी. मला चव लागत नाही. तुमची चूक नाही." बिचारी गोंधळली. म्हणाली, घेऊन जाऊ का? टाकून द्या, असं हे म्हणणार, एवढ्यात मी म्हटलं, "पॅक करून द्या."

हे माझ्याकडे बघतच राहिले. आमच्या लग्नापासूनचा कायदा होता, बाहेर काय वाट्टेल ते खा, माझ्या घरात आणायचं नाही. "अगं, कुठे ठेवणार?" म्हणाले. म्हटलं, "फ्रिजमध्ये. आणखी कुठे, डोक्यावर?" घरी आल्यावर तो डबा दह्याशेजारी ठेवला. दार लावताना हात जरा अडखळला, खोटं कशाला बोलू!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. हे आले, फ्रिजमधून डबा काढला आणि ओट्याशी उभ्यानेच थंडगार तुकडा तोंडात घालणार, तेवढ्यात मी ओरडले, "अहो, थांबा! गार काय खाताय? आणा इकडे." आणि काय झालं मला, देव जाणे. पोळी उतरवली आणि त्याच तव्यावर ते तुकडे टाकले. आईने पाहिलं असतं तर तिने अंगणात बसवून आंघोळ घातली असती मला. वास घरभर झाला. मी श्वास धरून परतत राहिले आणि बशीत काढून दिलं.

ह्यांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. कपाळाला आठी घातली.

"खारट आहे," म्हणाले.

"काय म्हणालात?"

"खारट आहे गं. फार मीठ घालतात हे लोक. काल कळलंच नाही मला."

आणि तिसरा तुकडा घेतला. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि जी रडायला लागले, ती थांबेचना. पदर नाही, रुमाल नाही, पिठाच्या हातांनीच डोळे पुसत होते. हे घाबरले. बशी खाली ठेवून जवळ आले, एकदा माझ्याकडे, एकदा गॅसवरच्या तव्याकडे बघितलं, आणि अपराध्यासारखे म्हणाले, "रडू नकोस गं. आजच नवा तवा आणू."