पहिल्या क्रमांकाची वेबसाइट

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ती घटना मनातून जात नाही. गुन्हा उघडकीला आला, आरोपी सापडला, कागदोपत्री सगळं नीट झालं. चूक माझ्याकडून झाली होती.

महाबळेश्वरच्या वाटेवर एका गावात सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार होते. स्ट्रॉबेरीच्या शेताला लागून त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. एके सकाळी पुण्याची दोन कुटुंबं ठाण्यात आली. वेबसाइटवर पैसे भरून खोल्या घेतल्या, आणि इथं आल्यावर मालक म्हणतो बुकिंगच नाही, अशी तक्रार होती.

मी माझ्या मोबाइलवर त्या घराचं नाव टाकलं. पहिल्याच क्रमांकाला वेबसाइट आली. घर त्यांचंच, शेत त्यांचंच, दारातला फोटोही त्यांचाच. मी गाडी पाठवून सुभेदारांना आणलं.

"साहेब, घर माझं हाय, पण त्या येबसाइटवरचा फोन नंबर माझा न्हाई," ते म्हणाले. "आमची येबसाइट पोरीनं केलीया. ती येगळी हाय."

"मग ती दिसत का नाही?"

"तेच कळंना, साहेब. दोन म्हैनं झालं, कुणालाच दिसंना."

असले बहाणे मी पुष्कळ ऐकले होते. त्यांना बाकावर बसवलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दुपारी पत्रकारांना दोन ओळी सांगून टाकल्या. बाजाराचा दिवस होता. ओळखीची माणसं ठाण्यात डोकावून जात होती. सुभेदार दिवसभर ताठ बसून होते. चहासुद्धा घेतला नाही.

चार वाजता त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. माझ्याकडे न येता ती सायबरचं काम बघणाऱ्या महिला हवालदाराजवळ बसली. अर्ध्या तासाने हवालदार माझ्या टेबलाशी आली.

"सर, यांची वेबसाइट खरी आहे. पण सर्च इंजिनने ती दाखवू नये, असं सेटिंग चालू केलंय. आणि ते हिने केलेलं नाही. आत दुसऱ्याही एकाचं खातं आहे."

"दुसरा कोण?" मी मुलीला विचारलं.

"सांगलीचे एक जण आहेत. नवीन वेबसाइट लवकर वर येत नाही, मी वर आणून देतो म्हणाले. म्हणून पासवर्ड दिला."

सुभेदारांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. हळदीच्या पेठेमागे एका खोलीत तो माणूस वेबसाइटी बनवायचा. आधी त्याने कानावर हात ठेवले. बनावट वेबसाइटवरचा नंबर हवालदाराने फिरवला, तेव्हा त्याच्याच टेबलाच्या खणात फोन वाजला. मग तो बोलायला लागला.

"त्यांच्या पानांवर नुसते फोटो होते, साहेब. शीर्षकात गावाचं नावसुद्धा नव्हतं. माणसं काय शोधतात, 'महाबळेश्वरजवळ घरगुती मुक्काम', 'स्ट्रॉबेरीच्या शेतात राहायला', ते शब्द मी माझ्या पानांवर लिहिले. नकाशावर जागा नोंदवली. दुसऱ्या चार वेबसाइटींवर माझ्या पानांचे दुवे दिले. त्यांची झाकली, माझी वर आली."

"हेच त्यांच्यासाठी करायचं ठरलं होतं ना?"

"व्हय," तो खाली बघत म्हणाला.

दोषारोपपत्र गेलं. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

निवृत्तीच्या आधी मी एकदा त्या गावात गेलो. दारावरची पाटी काढलेली होती. मुलगी बाहेर आली. वडील घरात होते, पण आले नाहीत.

"आमची वेबसाइट आता नीट दिसते, साहेब," ती म्हणाली. "पण घराचं नाव टाकलं की तिच्याही वर एक बातमी येते. 'पर्यटकांची फसवणूक, निवृत्त सुभेदार ताब्यात'. आरोपी सांगलीत सापडला, ती बातमी कुठंतरी खाली आहे. तिथवर कोण जातंय?"

त्या दोन ओळी माझ्या होत्या. मी वृत्तपत्राला पत्र लिहिलं. त्यांनी बातमीच्या शेवटी खुलाशाची एक ओळ जोडली. मथळा तसाच राहिला.

पुढे नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला जायचो, तेव्हा सांगायचो की वर दिसतं ते कुणीतरी वर आणलेलं असतं, ते कुणी आणलं हे आधी शोधा. पोरं वहीत लिहून घ्यायची. सुभेदारांना त्याचा काय उपयोग? आजही कुणी त्या घराचं नाव टाकतं, पहिली ओळ वाचतं आणि मोबाइल खिशात ठेवतं. त्या सकाळी मीही तेवढंच केलं होतं.