बाद गड्याने केव्हा उठावं
आज शाळेच्या मैदानावर फक्की मारत होते. चुन्याचा तो कोरडा वास आला आणि मी कट्ट्यावर टेकलो. कॉलेजात असताना दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लोणावळ्याला हुतुतू खेळायला गेलो होतो. भात नुकतंच कापून झालं होतं, धसकटं उपटून त्याच शेतात मैदान आखलं होतं. तेव्हा जो तो आपापल्या गावचे नियम धरून खेळे. आमच्या मावळात बाद झालेला गडी मागच्या रेषेबाहेर बसे आणि हाक आल्याशिवाय उठत नसे. मी पहिल्याच चढाईत बाद होऊन बसलो. पुढे समोरचा एक गडी बाद झाला आणि आमचा कप्तान म्हणाला, "त्यांचा एक गेला की आपला एक उठलाच पाहिजे, नियम बदला!" "मग डाव संपायचा कधी?" समोरचा कप्तान कडाडला. वाद माझ्या उठण्याचा, पण माझ्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. भांडत भांडत सगळे स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानाकडे गेले. निकाल लागला की बोलावतील, म्हणून मी बसून राहिलो. ऊन डोंगराआड गेलं, चुन्याची रेघ अंधुक झाली. म्हशी घेऊन परतणारे एक आबा थांबले. "कुणाची वाट बगतुयास रं? समदी कवाच गेली." "हाक मारत्याल की, आबा." ते म्हशींमागे निघून गेले. समोरचा एक गेला की आपला एक उठायचा, हा नियम आता सगळीकडे झालाय. आज पोरं बाद होत होती, लगेच उठून पुन्हा खेळत होती. खेळ संपला, पोरं घरोघरी गेली. "आजोबा, उठा आता," शिपायाने फाटकातून हाक मारली, तेव्हा कुठे मी उठलो.