केदानानांची खच्चर

"ताई, आजचा हुकूम काय शे?"

रोज सकाळी आठ वाजता केदानाना माझ्या शेडच्या दारात उभे राहून हे विचारायचे. मी काहीतरी सांगेपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. वाट्या म्हटलं की वाट्या, पणत्या म्हटलं की पणत्या. सगळ्या एका मापाच्या. थांबा म्हणायला मी विसरले, तर जेवणाची वेळ टळून गेली तरी नाना चाकापाशीच बसलेले असायचे.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. गंगापूर रोडला एका जुन्या बंगल्यात माजी सैनिकांसाठी तीन महिन्यांचं निवासी कला शिबिर भरायचं. राहायचं, जेवायचं, चित्रं काढायची, माती हाताळायची. मातीकाम माझ्याकडे होतं. नाना सटाण्याकडचे, तोफखान्यातून निवृत्त झालेले. डोंगरात जिथे गाडी जात नाही तिथे तोफ सुटी करून खेचरांच्या पाठीवर नेतात. नाना त्यातलं एक खेचर सांभाळायचे. ती मादी होती, नाना तिला खच्चरच म्हणायचे. कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून माझ्या ओठांकडे बघत राहायचे.

बाकीच्यांचा मला त्रास व्हायचा. कुणी भांडायचं, कुणी रंगाचा डबा फेकायचं, एकजण तर रोज रडायचा. नानांचा काहीच त्रास नव्हता. "तुमच्या मनाचं करा काहीतरी," असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "मनाचं काय नाय ताई. तुमी सांगा."

मधेच त्यांचे थोरले भाऊ वारले. नाना गावी गेले, चौथ्या दिवशी परत येऊन दारात उभे. मी विचारलं, "नाना, बरे आहात ना?"

"बरा शे. माले काय वाटत नाय ताई, खोटं कशाला बोलू? भाकर गोड लागते, झोप येते. वाटत तेवढं नाय."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. गुडघा दुखत नाही म्हणावं तसं सांगितलं.

शिबिर संपायला पंधरा दिवस असताना मला दोन दिवस ओझरला बहिणीकडे जावं लागलं. घाईत नानांना काम सांगायचं राहिलं. परत आले तर फळीवर दोन हात लांबीचं खेचर. मागचे पाय दुमडून खाली घसरलेले, मान पुढे ताणलेली, इतकी की बघवेना. गळ्यातला दोर सरळ पुढे येऊन मधेच संपलेला. मी नानांकडे वळले.

"सिक्कीमात व्हतो," नाना म्हणाले. "रस्ता खचला. तिचं मागलं धड खाली गेलं. रस्सी माझ्या हातात. सुभेदार वरडला, रस्सी छोड. सोडली."

"मग?"

"मग काय? हुकूम व्हता."

पुढची चूक माझी. प्रदर्शन जवळ आलं होतं. पाहुणे येणार, वर्तमानपत्रवाले येणार, आणि दाखवण्यासारखी हीच एक वस्तू. खेचर आतून भरीव होतं. ते पोखरायला हवं होतं, निदान महिनाभर सुकू द्यायला हवं होतं. नाहीतर भट्टीत फुटतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी मी आठव्या दिवशी भट्टीत घातलं. दुपारी आतून फट्‌ असा आवाज आला. मग आणखी दोन.

भट्टी निवल्यावर उघडली तेव्हा नाना शेजारी होते. तुकडे बघून म्हणाले, "फुटली." घमेलं आणून एकेक तुकडा त्यात ठेवू लागले. मी खाली बसून रडायला लागले. माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. नानांनी हात पुसले, चहा आणून माझ्यापुढे ठेवला.

"रडा ताई," ते म्हणाले. "माझं बी थोडं रडून घ्या."

प्रदर्शनाच्या दिवशी प्रत्येकाला एक टेबल होतं. आपापल्या टेबलाशी उभं राहायचं आणि लोकांना माहिती द्यायची, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. नानांचं टेबल काढून टाकायचं मला सुचलं नाही. ते इस्त्रीचा सदरा घालून रिकाम्या टेबलामागे उभे राहिले. लोक विचारायचे, "तुमचं काय आहे?" नाना सांगायचे, "खच्चर व्हती. भट्टीत फुटली." कुणी आणखी विचारलं तर रस्ता, रस्सी, सुभेदार, सगळं सांगायचे. एकाच आवाजात, दिवसभर.

दुपारच्या एसटीने त्यांची बायको सटाण्याहून आली होती. मी तिला नानांच्या मागे स्टुलावर बसवलं. पिशवी मांडीवर धरून ती ऐकत राहिली. गर्दी ओसरल्यावर मला हळूच म्हणाली, "वीस वरीस झाली यांना घरी येऊन. मला हे आज कळलं."

मग उठून ती नानांच्या समोर, जिथे पाहुणे उभे राहायचे तिथे जाऊन उभी राहिली. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने विचारलं, "काय नाव व्हतं तिचं?"

दिवसभरात हे कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही. नाना तिच्या ओठांकडे बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"नंबर व्हता," ते म्हणाले. मग टेबलाची कड धरली. "मी रुपा म्हणायचो."

बायकोने मान हलवली आणि टेबलाच्या कडेवरच्या त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.