गैरहजर, तरीही पास!

एका खोलीत दोन संगणक आणि तीन हट्टी माणसं असली, की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. अमडापूरच्या आमच्या घराची पुढची खोली अशीच आहे. नात वैष्णवी आणि तिचा सहकारी इरफान तिथे काम करतात. तिसरी मी, जुनी मॅट्रिक!

इतरांची सॉफ्टवेअर पॅकेजेस बाहेर जाण्यापूर्वी तपासणारं एक टूल हे दोघे सांभाळतात. चाचणी पास झाली की हिरवी ओळ, नापास झाली की लाल. एकदा काही हिरव्या ओळींपुढे 'स्किप' असं दिसलं.

"म्हणजे काय गं?"

"ती चाचणी घेतलीच नाही, आजी."

"मग पास कशी झाली?"

इरफान हसला. "सगळीकडे असंच चालते, आजी!"

"आमच्या मॅट्रिकला गैरहजर मुलाच्या घरी कुणी पेढे वाटले नाहीत!"

*

वैष्णवीने टूलचं किरकोळ अपडेट केलं. न घेतलेली चाचणी यापुढे पिवळी!

इरफान चिडला. "तीन ओळींचा बदल, अन् तीन दिवस भांडन! काऊन उगाच?"

चौथ्या दिवशी त्याने स्वतः लिहिलेल्या पॅकेजमध्येच पिवळी ओळ निघाली. ती चाचणी मी घ्यायला लावली. लालभडक!

"आता बोला, इरफानमियाँ."

"काय बोलू? तुमच्या हाताखाली मॅट्रिक करनं म्हंजे जन्मठेपच!"

*

अपडेट बाहेर गेलं आणि यांना काम देणाऱ्या पुण्याच्या साहेबांचा फोन आला. त्यांचा अहवाल पिवळाधमक झाला होता. "उद्यापर्यंत हिरवा करा, नाहीतर काम दुसऱ्याला देतो." या दोघांकडे मोठं काम तेवढं एकच होतं.

सून कळवळली. "आत्याबाई, तुमच्या शिस्तीपायी पोरीचं काम जाईन नं!"

"जाऊ दे. काम दुसरं मिळतं. न तपासता पास करायची सवय लागली, तर सुटत नाही."

वैष्णवीने जुना रंग परत लावला नाही.

*

दुसऱ्या दिवशी साहेब पडद्यावर आले. "अहो आजी, प्रश्न नुसत्या रंगाचा आहे!"

"नुसत्या रंगाचाच असेल, तर राहू द्या पिवळा."

ते वैष्णवीकडे वळले. "मला माझ्यापुरतं जुनं टूल द्या."

"देते, सर. अहवालाखाली फक्त एक ओळ येईल, 'न तपासता पास केले', आणि पुढे नाव. तुमचं पूर्ण नाव सांगता?"

इरफानने कीबोर्डवर बोटं ठेवली. "हळू सांगा, सर. चुकाले नको."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पिवळा," ते म्हणाले, "तसा डोळ्यांना बरा वाटतो."