कुकडीकाठची पांढरी माती

अब्बा जुन्नरला भांड्यांना कल्हई लावायचे. आत जरा डाग राहिला तरी कथील धरत नाही, म्हणून आधी ते भांड्यात उभे राहून, टाचांखाली गोणपाट धरून गरगर फिरायचे. गोणपाटाखाली असायची बोरी गावच्या कुकडीकाठची पांढरी माती. पिठासारखी मऊ, पण तांबं आरशासारखं करणारी. अब्बांचा नियम एकच होता. ढासळून पडलेली घ्यायची, उभ्या दरडीला खुरपं लावायचं नाही.

मला असले नियम पाळायचा भारी कंटाळा. उरुसाचे हंडे आले होते, घाई होती. मी सरळ दरड खरवडली आणि गोणी भरली. अब्बा मागून पोचले तेव्हा एक संशोधक बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. त्यांनी आठवडाभर ब्रशने साफ केलेला थर मी दहा मिनिटांत उडवला होता.

मला वाटलं, आता बोलणी खाणार. पण त्यांनी चिमूटभर माती भिंगाखाली धरली आणि आम्हाला बघायला लावलं. ही माती नव्हे, राख आहे, त्या म्हणाल्या. हजारो वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे ज्वालामुखी फुटला, त्याची. टाचा घासायचा तो हलका, भोकाभोकांचा दगड असतो ना, त्याच्याच जातीचा हा चुरा. भिंगाखाली बारीक, वाकड्या काचा लखलखत होत्या. एवढा समुद्र ओलांडून आलेली वस्तू आम्ही पायाखाली रगडत होतो.

अब्बांनी विचारलं, गोणीतली तुमच्या अभ्यासाला चालेल का? चालणार नव्हती. खालची-वरची सगळी एक झाली होती. दुसरा अखंड थर सापडला नाही तर बाईंचं वर्षाचं काम पाण्यात जाणार होतं. मला मान वर करवेना.

"चला ताई," अब्बा म्हणाले. "एक जागा हाय. पोरीलाबी ठावं न्हाई."

ओढ्यात, बाभळींच्या मागे, पांढरा पट्टा जसाच्या तसा उभा होता. नदीकाठची माती संपली की ही वापरायची, म्हणून त्यांनी ती बाकीच्या कल्हईवाल्यांपासून जन्मभर लपवली होती. तुम्ही इथून नेता का, बाईंनी विचारलं. अब्बांनी चपला काढून बाजूला ठेवल्या.

"आता न्हाई नेणार," ते म्हणाले.

गोणीतली राखही आता पायाखाली घ्यायला त्यांचं मन होईना, म्हणून उरुसाचे हंडे त्यांनी चिंच आणि वाळूने घासले. तीन दिवस लागले, टाचा सोलवटून निघाल्या. मी रडत तेल लावत होते, आणि ते मात्र विचारत होते, इतक्या लांबून यायला त्या राखेला किती दिवस लागले असतील.